आतल्या खोलीतील माणूस : मराठी भयकथेतील कोंडलेपणाविषयी

मुंबई आणि तिच्या उपनगरांतील मराठी बोलण्यात ‘ठाण्याला पाठवणे’ हा वाक्प्रयोग दीर्घकाळ रूढ आहे. ‘याला आता ठाण्याला न्यायला हवे’ असे हसत म्हटले जाते आणि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. १९०१ मध्ये ठाण्यात मनोरुग्णालय सुरू झाले आणि एका शहराचे नाव हळूहळू एका संस्थेचे, पुढे त्या संस्थेत माणूस ठेवून येण्याच्या कृतीचे नाव बनले. पुण्याकडे येरवड्याच्या वाट्याला हेच आले. या वाक्प्रयोगातील क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. ‘जाणे’ नाही, ‘पाठवणे’ आहे. जो जातो तो या वाक्यात कधीच कर्ता नसतो. कर्ता असते ते पाठवणारे घर, आणि तेही बहुधा अध्याहृत.

ठाण्याच्या आधी काय होते? घरातच एक खोली होती. ओटी, पडवी, माजघर, कोठी, धान्याचे बळद, माळा, बाळंतिणीची काळोखी खोली अशी रचना असलेल्या वाड्यात जसजसे आत जावे तसतसा उजेड कमी होत जाई आणि त्याच प्रमाणात बाहेरच्या माणसाचा अधिकारही. विकेशा विधवा, वेडसर दीर, न बरा होणारा आजार जडलेली सासू, ‘चूक’ घडलेली मुलगी यांची जागा या आतल्या टोकाला असे. पाहुण्याला तिकडे जायचे नसते हे त्याला सांगावे लागत नसे. मराठी भयकथेचा विचार करताना समीक्षेने भुताची चिकित्सा पुष्कळ केली. ते खरे की भासाचे, त्याला शास्त्राचा आधार आहे की नाही, त्याने रसनिष्पत्ती होते की निव्वळ धक्का बसतो, या चर्चा झाल्या. त्या खोलीची चिकित्सा मात्र क्वचितच झाली. भूत ज्या खोलीत असते ती खोली वाङ्मयात भुताच्या आधी आलेली आहे, आणि तिच्यात पहिल्यांदा राहणारी व्यक्ती भूत नव्हती.

बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीतील यमुना प्रवासात विधवांच्या हकिगती ऐकत जाते. तेथे आतल्या खोलीतील स्त्री बोलते, पण तिचे बोलणे ऐकून पुढे सांगणारे कोणी तरी मध्ये उभे असते आणि त्या सांगण्यामागे धर्मप्रसाराचा हेतूही स्पष्ट दिसतो. हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये हे मध्यस्थ दूर झाले. १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊन १८९३ मध्ये पूर्ण झालेली ही कादंबरी यमूने स्वतः लिहिलेले आत्मवृत्त म्हणून वाचकापुढे येते. शंकरमामंजींचे घर, तिथले कट, यमूचे सक्तीने झालेले केशवपन या साऱ्याला आज वास्तववादी कादंबरीचा विषय मानले जाते, आणि ते योग्यच आहे. पण ज्या वाचकाने भयकथाही वाचल्या आहेत त्याने हा भाग पुन्हा वाचून पाहावा. दार बंद आहे, घरातील सर्वांना काय होणार ते ठाऊक आहे, एकटी तीच अनभिज्ञ आहे, आणि बाहेर न्हावी येऊन बसला आहे. भयनिर्मितीच्या तंत्रात याहून निराळे काय असते? फरक एकच आहे, पण तो मूलभूत आहे: इथे भीती वाटते ती कोंडलेल्या व्यक्तीला, आणि वाचक तिच्या बाजूला उभा असतो.

घराच्या गुपिताला त्या काळी एक प्रतिसंस्थाही निर्माण झाली होती. जोतीराव फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी इथे येऊन सुरक्षित व गुप्तपणे बाळंत व्हावे, असे आवाहन त्यामागे होते. ‘गुप्तपणे’ ही अट महत्त्वाची आहे. जी गोष्ट घर आपल्या अब्रूसाठी लपवीत होते आणि लपवताना जीव घेत होते, तीच गोष्ट फुल्यांनी जीव वाचवण्यासाठी लपवू दिली. गुपित तेच, पण त्याचा मालक बदलला. पुढे १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर अर्भकहत्येचा खटला चालला, तेव्हा वृत्तपत्रांनी स्त्रीजातीवर केलेली आगपाखड वाचून ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) लिहिली. तीतील संतापही याच मालकीविषयी आहे.

पदमनजींची नायिका यमुना आणि आपट्यांची यमू. या दोघींच्या मध्ये, काळाने आणि अर्थानेही, कल्याणची तिसरी यमुना उभी आहे. कल्याणच्या जोशी घराण्यातील ही मुलगी नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळरावांशी विवाहबद्ध होऊन आनंदी झाली, चौदाव्या वर्षी तिला झालेला मुलगा थोड्याच दिवसांत गेला, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारली. हा वृत्तान्त शाळकरी मुलालाही पाठ असतो. त्या मानाने तिच्या पत्रांतून आणि आठवणींतून दिसणारे कल्याणचे घर कमी परिचित आहे. आईच्या हातचा निष्ठुर मार, पुढे शिक्षणासाठी हट्ट धरणाऱ्या नवऱ्याने त्याच शिक्षणापायी केलेली मारहाण, या गोष्टी तिने लिहून ठेवल्या. नवऱ्याला तर त्या त्याच्याच नावे पाठवलेल्या पत्रात सुनावल्या, आणि हे सुनावण्यासाठी मध्ये दोन महासागर असावे लागले. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये इंग्रजीत आणि काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये मराठीत तिचे चरित्र लिहिले. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) ही कादंबरी आणि २०१९ मधील त्याच नावाचा समीर विद्वांस यांचा चित्रपट यांनी ही कथा पुन्हा सांगितली. प्रत्येक सांगण्यात कल्याणच्या त्या घराचा एखादा कोपरा अधिक उजळतो, तर एखादा पुन्हा झाकला जातो. ‘विक्षिप्त पण थोर नवरा’ हा साचा इतका सोयीचा आहे की त्याआड पुष्कळ काही मावते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी गद्यात, थोडक्यात, कोंडलेल्या व्यक्तीला स्वर होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भयकथा लोकप्रिय झाली तेव्हा हा स्वर गेलेला दिसतो. खोली राहिली, माणूसही राहिला. फक्त त्याच्याविषयी आता इतरांना वाटणारी भीती सांगितली जाऊ लागली.

या काळातील दोन प्रमुख नावे नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांची. धारपांच्या कथाविश्वात अमंगल शक्ती बहुधा बाहेरून येते आणि समर्थांसारखा जाणता पुरुष तिचा बंदोबस्त करतो. घर हे तेथे मुळात निरपराध असते. ते झपाटले जाते. मतकरींनी ‘भयकथा’ हा शब्द नाकारून ‘गूढकथा’ हा शब्द आग्रहाने वापरला, आणि त्यांच्या आग्रहात नुसता प्रतिष्ठेचा प्रश्न नव्हता. गूढ, गुह्य, गुहा हे तिन्ही शब्द ‘गुह्’ म्हणजे झाकणे, लपवणे या धातूपासून आलेले आहेत. फ्रॉइडने १९१९ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात जर्मन भाषेतील ‘घरचे’ आणि ‘लपवलेले’ हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे येऊन मिळतात ते दाखवले होते. मराठीत ‘गृह’ आणि ‘गूढ’ यांची कुळे वेगळी असली तरी मतकरींच्या कथांत ती एकाच छताखाली नांदतात. त्यांच्या उत्तम कथांतील भय भुताचे नसून नात्यातील माणसाचे आहे. २०१२ साठीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला त्यांचा ‘इन्व्हेस्टमेंट’ हा चित्रपट पाहिला तर हे अधिक ध्यानात येते: मुलाच्या हातून घडलेला खून आईबाप पचवतात आणि संसार पुढे चालू राहतो. त्यात एकही अतिमानवी घटना नाही. तरीही ती मतकरींची गूढकथाच आहे.

हा स्वर का गेला? एक कारण बहुधा घराच्या नकाशात आहे. आगगाडी १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत पोहोचली. पुढच्या शतकात तिच्या आधाराने जे नवे मध्यमवर्गीय जग वसले त्याचे डोंबिवली हे ठळक उदाहरण. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली तोवर तेथील कुटुंब दोन-तीन खोल्यांत राहू लागले होते. या घरात आतली खोली नाही. शेजारच्या ब्लॉकमधील खोकलाही भिंतीतून ऐकू येतो. तिथे कोणाला कोंडणार? शं. ना. नवरे यांच्या डोंबिवलीत म्हणूनच भुताला जागा नाही. त्यांच्या माणसांची गुपिते गॅलरीत, स्टेशनच्या वाटेवर, चहा पिता पिता उलगडतात. वाडा सुटला तशी त्यातील खोली आठवणीची झाली, आणि आठवणीत ती सुटून आलेल्याच्या बाजूने उरली. नातवंडाला त्या खोलीतील आजीची भीती वाटत असे. आजीला कशाची भीती वाटत असे हे नातवंडाने कधी विचारलेले नसते. भयकथेचा निवेदक हा असा नातू आहे.

धारपांची ‘आजी’ ही कथा या दृष्टीने महत्त्वाची ठरते. तिचे मूळ स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ (१९८४) या कथेत आहे. किंगच्या कथेतील अकरा वर्षांचा मुलगा अंथरुणाला खिळलेल्या अजस्र, आंधळ्या आजीबरोबर घरात एकटा राहतो आणि मोठ्यांच्या तोंडून कधी काळी निसटलेल्या अर्धवट वाक्यांतून घराण्याचे गुपित जुळवू लागतो. रूपांतर हा आपल्याकडे टीकेचा सोपा विषय आहे. धारपांवर त्यासाठी पुष्कळ ताशेरे ओढले गेले. पण एखादी परकी कथा मराठी घरात इतक्या सहज का रुजते, हा प्रश्न अधिक उपयोगी आहे. खाटेवरची म्हातारी, तिच्याविषयी दबक्या आवाजात बोलणारे आईबाप आणि तिच्याजवळ बसवून ठेवलेला मुलगा हे चित्र मराठी वाचकाला आयात करावे लागत नाही.

इंग्रजी साहित्याशी तुलना येथे उद्‌बोधक ठरते. ‘जेन एअर’ (१८४७) मधील माळ्यावर कोंडलेल्या पत्नीपासून गिल्बर्ट आणि गुबार यांनी आपल्या १९७९ च्या ग्रंथाचे नाव घेतले. त्याआधीच, १९६६ मध्ये, जीन रीसने ‘वाइड सारगासो सी’ लिहून त्या मुक्या पत्नीला तिची कथा दिली होती. म्हणजे इंग्रजीत आधी मुकी बंदिवान आली आणि सव्वाशे वर्षांनी तिला वाचा फुटली. मराठीत क्रम उलटा आहे. यमू आधी बोलली. मुकी म्हातारी नंतर आली. पाश्चात्त्य स्त्रीवादी समीक्षेचा नकाशा मराठीवर जसाच्या तसा पसरताना हा उलटा क्रम नजरेआड होतो.

हे सारे धागे राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटात एकत्र आलेले दिसतात. भाषा हिंदी, पण भूमी, माणसे आणि कथेचे मूळ मराठी. बर्वे यांनी १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राच्या तोंडून धारपांची कथा ऐकली. तिच्यातून वाढत गेलेल्या संहितेला त्यांनी नाव दिले ते श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीवरून. पेंडशांच्या खोतांच्या चार पिढ्या आणि धारपांची एक खोली, असा हा संयोग आहे. त्यांचा आधीचा ‘मांजा’ (२००८) हा लघुपटही बालपणावर झालेल्या अत्याचाराविषयीच होता. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘तुंबाड’ प्रदर्शित झाला तेव्हा त्याला मर्यादित प्रेक्षक लाभला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक लोकांनी पाहिला.

चित्रपटात १९१८ साल आहे. विनायकची आई सरकारांच्या वाड्यात राबते आणि एका सुवर्णमुद्रेच्या आशेवर त्यांची शय्यासंगतही करते. तिच्या स्वतःच्या झोपडीवजा घरात साखळदंडाने जखडलेली एक शापित वृद्धा आहे. तिला झोपेत असतानाच भरवावे लागते. मुलांना तिची भीती घातली आहे आणि झोपवण्यासाठी हस्तराचे नाव सांगितले आहे. या नावाचा प्रवास मोठा मौजेचा आहे. अँब्रोज बिअर्सने १८९१ च्या सुमारास एका गोष्टीत ‘हास्तुर’ हा मेंढपाळांचा शांत देव कल्पिला. रॉबर्ट चेंबर्सच्या ‘द किंग इन यलो’मध्ये (१८९५) तो अनिष्ट झाला, लव्हक्राफ्टने त्याला आपल्या दैवतमंडळात ओढले, किंगच्या ‘ग्रॅमा’मध्ये त्याच्या नावाने मंत्र उच्चारला गेला आणि तुंबाडमध्ये तो आदिमातेचा हावरा थोरला मुलगा होऊन आला, आपल्या पुराणांत कायमचा राहत असल्यासारखा. ज्या प्रेक्षकांनी ‘हे आपल्या कोणत्या पुराणात आहे?’ म्हणून शोध घेतला त्यांची फसगत हीच त्या रूपांतराची पावती.

पण खरा बदल हस्तरात नाही, म्हातारीत आहे. धाकटा सदाशिव मरतो, आई विनायकला घेऊन पुण्याला जाते, परत न जाण्याचे वचन घेते. आणि पंधरा वर्षांनी विनायक परत येतो. मधल्या काळात म्हातारीच्या देहातून झाड उगवले आहे. ती मेलेली नाही, कारण तिला मरता येत नाही. आणि आता ती बोलते. तिच्याजवळ खजिन्याची वाट आहे. त्या माहितीच्या बदल्यात ती मरण मागते. विनायक सौदा पाळतो, तिला जाळतो आणि तिच्या सांगण्यावर पुढचा सारा संसार उभा करतो. आपट्यांनंतर सव्वाशे वर्षांनी कोंडलेली स्त्री पुन्हा तोंड उघडते, पण तिच्या दुःखाला कोणी श्रोता नाही. विनायकला हवी आहे ती फक्त माहिती. तिला कोणी, कधी, कोणत्या लोभापायी त्या विहिरीत जाऊ दिले, ती सून म्हणून आली तेव्हा तिचे नाव काय होते, हे चित्रपट विचारीत नाही. हा त्याचा दोष म्हणावा की त्याची अचूकता? दुसरा पर्याय अधिक पटतो. ज्या घराला आपल्या बंदिवानाकडून केवळ वाटा हवा असतो त्या घराचे हे चित्र आहे, आणि अखेरीस, १९४७ मध्ये, तोच वारसा विनायकच्या मुलापर्यंत, पांडुरंगापर्यंत येऊन थांबतो. पांडुरंगाचे काम करणाऱ्या महंमद समद या मुलानेच वृद्धेचीही भूमिका केली आहे. रंगभूषेमुळे हे प्रेक्षकाला कळत नाही. कळल्यावर मात्र विसरता येत नाही.

सोन्याचा आणि कोंडलेपणाचा हा संबंध मराठी रंगभूमीने आधीच ओळखला होता. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) साखळदंड नाही, शाप नाही. काळवेळेचे भान सुटलेली दादी पुन्हा पुन्हा वेळ विचारते, शिकू न दिलेली प्रभा आपल्याच घरात कुजते, आणि रात्री वहिनी घराण्याचे दागिने अंगावर चढवते तेव्हा प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. एलकुंचवारांना भयनाट्य लिहायचे नव्हते. तरीही भयकथेच्या इतिहासात या प्रवेशाला जागा द्यावी लागेल.

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) हा मराठी चित्रपट ‘तुंबाड’च्या आदल्या वर्षीचा. कलाकृती म्हणून तो इतका संपन्न नाही; धक्क्यांची योजना काही ठिकाणी ठोकळेबाज आहे. पण प्रस्तुत प्रश्नापुरता तो एक पाऊल पुढे जातो. गरोदर नेहा नवऱ्यासह उसाच्या फडातील एका एकाकी घरी आश्रयाला येते आणि आश्रयाचा कोंडवाडा होतो. तुळसाबाईचे मायेचे बोलणे आणि बाहेरून लागलेली कडी यांत अंतर उरत नाही. नवराही या कटाबाहेर नाही. घराचे गुपित आहे ते जन्मलेल्या मुलींच्या हत्येचे. येथे कॅमेरा कोंडलेलीच्या बाजूला आहे, आणि भुतेही तिच्याच बाजूची निघतात: मेलेल्यांना छळ करायचा नसून सांगायचे असते. पूजा सावंत यांच्या नेहाला पळून जाण्याआधी त्यांची गोष्ट ऐकावी लागते. ‘यमुनापर्यटन’मधील ऐकणारी यमुना आणि आपट्यांची कोंडलेली यमू अशा दोघी तिच्यात एकत्र झाल्या आहेत, दिग्दर्शकाला त्याची जाणीव असो वा नसो. दिग्दर्शकाने २०२१ मध्ये हिंदीत केलेल्या ‘छोरी’त हीच कथा अधिक सफाईने येते, आणि सफाईबरोबर तुळसाबाईच्या घरचा तो मराठी ओलावा, जो खरा भीतिदायक आहे, थोडा हरवतो.

वाड्यातील खोली गेली तरी पाठवण्याची जागा राहिली. १९१२ च्या कायद्याने नातेवाइकाच्या अर्जावर दंडाधिकाऱ्याचा हुकूम मिळवून माणसाला रुग्णालयात ठेवता येई. कायद्याच्या नावातच ‘वेडेपणा’ होता. १९८७ च्या कायद्याने भाषा बदलली. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळीने बांधलेले २८ रुग्ण आगीत होरपळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कोणत्याही प्रकारे साखळीने जखडण्यास मनाई केली, आणि त्याच कायद्याच्या १९ व्या कलमात असेही म्हटले की कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारीत नाही, एवढ्याच कारणासाठी कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. ‘कुटुंब स्वीकारीत नाही’ हे शब्द कायद्यात यावेत याला तशी कारणे होती. बरे होऊनही घरी नेले न गेलेले रुग्ण मनोरुग्णालयांना वर्षानुवर्षे सांभाळावे लागले आहेत.

मतकरींचे अखेरच्या पर्वातील एक काम ठाण्यातच झाले. त्यांच्या कल्पनेतून, समता विचार प्रसारक संस्थेच्या साहाय्याने, ‘वंचितांचा रंगमंच’ उभा राहिला आणि वस्त्यांतील मुलांनी आपल्या घरच्या गोष्टी स्वतः रचून, स्वतः उभ्या राहून सांगितल्या. गूढकथाकार मतकरी आणि हे मतकरी यांना समीक्षेने दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवले आहे. ठाण्याहून परत आलेली, डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आपली खाट कुठे लागेल याचा अंदाज घेत दारात उभी असलेली व्यक्ती मात्र अद्याप यांपैकी कोणत्याच कप्प्यात नाही. तिला पाहून घर घाबरते ही गोष्ट मराठीत लिहिली गेली आहे. घराला पाहून ती घाबरते, ही गोष्ट यमूनंतर फारशी पुढे गेलेली नाही.